सीमाभागातली कुमार कादंबरी: बोली किती, कन्नड किती, पानं किती?

रताळीवाला

११ ते १४ वयाच्या मुलांसाठीच्या कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झालाय. ४६,००० शब्द, १७ प्रकरणं. कथानक थोडक्यात असं: खानापूरच्या पश्चिमेकडचं एक खेडं. शाळेची पितळी घंटा चोरीला जाते. मंग्या, तुळसा आणि त्यांचा कन्नड शाळेतला दोस्त सिद्दप्पा ती शोधतात. चौथ्या प्रकरणात कणकुंबीजवळ मलप्रभेत एक बाटली सोडली जाते. तिच्यातली चिठ्ठी गोव्यात कुणाला तरी सापडते आणि तिथून धागा मिळतो. शेवटी तलाठीकाका चोर पकडतात.

प्रश्न तीन. संवाद सगळे बेळगावी बोलीत आहेत, ते वाचायला जड जातात असं मत पडलंय. बदलू का? कन्नड वाक्यांचं काय करायचं, कंसात अर्थ की शेवटी शब्दसूची? आणि ४६,००० शब्द फार होतात का? बाकी चुका दिसल्या तर त्याही सांगा, हातचं राखू नका.

पाटी-पेन्सिल

उलट्या क्रमानं घेते.

४६,००० फार आहेत. ह्या वयाला २५ ते ३५ हजार शब्द झेपतात. पण तुमची खरी अडचण प्रकरणांची आहे. ४६,००० भागिले १७ म्हणजे एकेक प्रकरण २,७०० शब्दांचं. सहावीतलं मूल मनात वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा, म्हणजे एका प्रकरणाला पंचवीस मिनिटं. जेवायची हाक त्याच्या आधीच येते आणि पुस्तक मधेच पालथं पडतं. असं पडलेलं पुस्तक परत उचललं जाईलच असं नाही. प्रकरण १,२०० ते १,५०० शब्दांचं ठेवा. ३२,००० शब्द, २४ प्रकरणं, असं माप घेऊन बसा.

कापायचं कसं? वाक्यं छाटत बसू नका, त्यानं फक्त लय मोडते. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा आणि त्यावर पाचच गोष्टी लिहा: कोण, कुठं, काय हवंय, काय अडलं, शेवटी काय बदललं. पाचवी ओळ रिकामी राहिली तर प्रसंग आख्खा काढायचा, मग तो कितीही गोड असो. ह्या जातीच्या खर्ड्यात आजीच्या ओसरीवरचे प्रसंग बहुतेक वेळा ह्यातच सापडतात. त्यातली एखादी उपयोगाची माहिती असेल तर ती धावपळीच्या प्रसंगात एका ओळीत बसवा.

घंटा गेल्याचं तिसऱ्या पानाच्या आत कळलं पाहिजे. गावाचं वर्णन, पाऊस, कौलं हे सगळं घंटा गेल्यावर. घंटा नसल्यामुळं शाळा कशी भरते तेच दाखवा ना! मास्तर ताटावर पळी वाजवतात, मागच्या वर्गाला ऐकू जात नाही, पोरं मधल्या सुट्टीतनं परतच येत नाहीत. गाव त्यातनं आपोआप दिसेल.

आणि तलाठीकाका? त्यांना शेवटून काढा. शोध मुलांनी लावायचा आणि पकडायचं काकांनी, हे वाचणाऱ्या पोराला फसवल्यासारखं वाटतं. मोठ्यांनी नंतर येऊन कागदोपत्री काय ते करावं. निर्णायक हालचाल, म्हणजे दार उघडणं, चिठ्ठीचा अर्थ लावणं, खोटं पकडणं, ही मुलांचीच हवी. त्यात निदान एक चूकही मुलांची हवी, आणि तिची किंमत त्यांनाच मोजावी लागावी.

निपाणीकर

बोलीबद्दल. आधी हे ठरवा की बेळगावी म्हणजे नेमकी कुठली. निपाणी-चिकोडीकडचा पोरगा 'करायलोय' म्हणतो, तो कोल्हापूरच्या अंगानं जातो. बेळगाव आणि आसपासच्या खेड्यांत 'करूलोय', 'जाऊलास'. खानापूरच्या जंगलपट्टीत कोकणीचा वास लागतो. अथणी-कागवाडकडं मिरज-सांगलीची छाया. एकाच गावातल्या तीन पोरांच्या तोंडी तीन ठिकाणची रूपं आली तर इथला वाचक पहिल्या पानावर ओळखतो, आणि लातूरचा वाचक उगाच अडखळतो.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद बोलीत. संवादातही एका वाक्यात बोलीच्या दोनच खुणा: क्रियापदाचं रूप आणि एखादा शब्द. उच्चारातली झीज (आनी, तुज्या, हतं, कवाधरनं) अक्षरात उतरवू नका. मोठं माणूस 'आनी' वाचताना मनात दुरुस्त करून घेतं. अकरा वर्षांचं मूल थांबून विचार करतं की छपाईची चूक आहे का.

उदाहरण म्हणून बघा. असं असेल:

"आरं मंग्या, तू खंय जाऊलास बा? मास्तर तुज्या नावानं कवाधरनं वरडूलेत आनी तू हतं खेकडी धरूलास व्हय?"

त्याचं असं करा:

"मंग्या, कुठं जाऊलास बा? मास्तर कधीपासून ओरडूलेत, आणि तू इथं खेकडी धरूलास?"

'जाऊलास', 'ओरडूलेत', 'धरूलास', 'बा' एवढं राहिलं. माणूस बेळगावचाच राहिला आणि डोळा कुठं अडला नाही. पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांत '-ऊल-' हे रूप आठ-दहा वेळा सोप्या वाक्यांत येऊ द्या. पुढं सोलापूरच्या पोरालासुद्धा ते अंगवळणी पडतं.

शैलीपत्रक करा. साधी वही चालेल. डावीकडं शब्द, उजवीकडं ठरवलेलं लेखन: लई की लय, आज्जा की आजा, कुठं की कुठे. एकदा ठरलं की ते तिसऱ्या प्रुफापर्यंत तेच. ह्याच्याशिवाय बोलीतल्या पुस्तकाचं मुद्रितशोधन होऊच शकत नाही. शोधकाला चूक कुठली आणि बोली कुठली ते कसं कळणार?

पाटी-पेन्सिल

निपाणीकरांना पूर्ण अनुमोदन, एक पुरवणी. जड आहे की नाही हे मोठ्यांना विचारू नका. सहावी-सातवीतली तीन मुलं घ्या: एक सीमाभागातलं, एक महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचं, एक वाचनाचा कंटाळा असलेलं. प्रत्येकाला मधलंच एखादं पान मोठ्यानं वाचायला द्या. अडखळलं की आपण आपलं एक बोट दुमडायचं. पानभरात पाचही बोटं दुमडली तर पान परत लिहायला घ्या. वाचताना मदत करायची नाही आणि "आवडलं का?" विचारायचं नाही, मुलं तोंडदेखलं हो म्हणतात. "आता पुढं काय होईल?" एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर गोष्ट कळलेली नाही.

जांबोटी_नाका

बाटली गोव्याला जाणार नाही हो!

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे बरोबर, पण वाहते पूर्वेला. खानापूरवरनं पुढं जाते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात अडते, आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे तुमची बाटली फार तर धरणाच्या पाण्यात तरंगत बसेल. गोव्याला जाते ती म्हादई. तीही ह्याच तालुक्यातली, पण पश्चिमेला उतरते आणि पुढं मांडवी होते. दोन्ही नद्यांचे उगम एकमेकांपासून फार लांब नाहीत, म्हणूनच ही चूक लिहिताना पटकन होते. म्हादईला मिळणाऱ्या कलसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही हा सगळा झगडाही ह्याच पाणलोटाच्या रेषेवरचा.

तीन वाटा आहेत. एक, बाटली खानापूरच्या घाटावर सापडू दे. दोन, चिठ्ठी बसनं जाऊ दे: बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी हा रस्ता रोजचा आहे, आणि सीटखाली अडकलेली चिठ्ठी पाण्यातल्या चिठ्ठीपेक्षा जास्त पटते. तीन, आणि मला ही आवडते: चूक तशीच ठेवा, पण ती मंग्याची करा. तो चिठ्ठी गोव्याला जाईल म्हणून खुशीत वाट बघतो, आणि भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा बघून तुळसा त्याला गप्प करते. वर म्हटलंय ना, मुलांची एक चूक हवी.

महिनाही तपासा. एप्रिल-मेमध्ये वरच्या भागात नदी म्हणजे डबक्यांची माळ, बाटली हात-दोन हातही सरकत नाही. भर पावसाळ्यात पाणी इतकं असतं की पोरांना काठावर पाठवणं बेजबाबदारपणाचं दिसेल. पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस धरा.

पुढं कुठं पोरं गुहेत शिरतात असं काही असेल आणि ती भीमगडची बारापेडे गुहा असेल, तर ते अभयारण्य आहे, २०११ पासून. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. शिवाय तिथं रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळांची वस्ती आहे, मशाल पेटवून आत शिरणारी पोरं नायक म्हणून दाखवू नयेत. गुहा हवीच असेल तर काल्पनिक नाव द्या आणि अभयारण्याच्या बाहेर ठेवा.

रताळीवाला

गुहा तीच होती. काढली. बाटलीचा तिसरा पर्याय घेतोय.

अक्का_होक्का

कन्नडबद्दल लिहिते. कंस नको, शब्दसूचीही नको. कंसात अर्थ आला की गोष्टीचं पाठ्यपुस्तक होतं, आणि शेवटची सूची कुणी उघडत नाही. अर्थ पुढच्या कृतीतनं कळू द्या:

"ऊटा आतेनो?" मल्लव्वानं विचारलं.
मंग्यानं मान हलवली, तसं तिनं ताट पुढं सरकवलं. वर गरम भाकरी होती.

झालं. 'जेवलास का' हे कुठंच लिहिलेलं नाही तरी कळलं. एका पानावर असं एकच वाक्य पुरे. आणि उच्चार उत्तर कर्नाटकातला ठेवा, पुस्तकी कन्नड नको. मोठ्या माणसाला 'बर्री' (या), 'हौद्री' (होय) असं 'री' लावून बोलतात, बरोबरीच्या पोराला 'बारो' (ये). सिद्दप्पा मास्तरांना 'बारो' म्हणाला तर हसं होईल. पण तो चिडून मंग्याला अचानक 'बर्री' म्हणाला तर भांडण झालंय हे न सांगता कळेल. मराठीत 'या, बसा, साहेब' म्हणून टोमणा मारतात तसंच.

आता खरा मुद्दा. तुमच्याकडं कन्नड शाळेतला सिद्दप्पा आहे आणि तो नुसता सोबतीला आहे, त्याच्या कन्नडचा कथानकाला काहीच उपयोग नाही. हे वाया घालवू नका. इथं मराठी बोलणारी पण कन्नड माध्यमात शिकलेली पोरं मराठी शब्द कन्नड अक्षरात सर्रास लिहितात. घंटेचा माग देणारी चिठ्ठी तशी करा. कन्नडातले 'प', 'व' आणि 'म' दिसायला जवळजवळ भावंडं. 'म'ची उजवीकडची शेपटी पुसली की 'व' उरतो. चिठ्ठीत 'माडी' लिहिलंय, पावसानं शेपटी गेली आणि वाचलं गेलं 'वाडी'. पोरं तीन दिवस वाडीवर शोधत हिंडतात आणि घंटा गावातल्याच घराच्या माडीवर! मंग्या-तुळसा मराठी शाळेत असले तरी त्यांना कन्नड विषय आहे, त्यामुळं ते अक्षर लावून वाचतील आणि चुकतील. सिद्दप्पाच्या लक्षात येईल की खालच्या ओळीतला 'व' वेगळ्या वळणाचा आहे. ही युक्ती पुण्यातल्या गोष्टीत चालणार नाही, इथल्याच गोष्टीत चालेल.

रताळीवाला

माडी-वाडी! ह्यावर चार प्रकरणं निघतात. वाचनखूण साठवली.

काळी_माती

सगळं ठीक, पण सीमाप्रश्नाचा उल्लेखच नसेल तर गोष्ट खोटी वाटेल. १९५६ पासूनचा विषय आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. पोरांना कळायला नको?

अक्का_होक्का

कळायला हवं, पण आजोबांच्या तीन पानी भाषणातनं नाही. पोराला हा प्रश्न जसा भेटतो तसा लिहा: दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आहे, दाखल्याचा अर्ज कुठल्या भाषेत आलाय आणि आईला तो कुणाकडनं वाचून घ्यावा लागतो. आणि कन्नड बोलणारा प्रत्येक माणूस खलनायक नको, मराठी बोलणारा प्रत्येक माणूस हुतात्मा नको.

काळी_माती

अर्जाची गोष्ट पटली. पण 'दोघंही गोड' असं गुळमुळीतही नको. आईला अर्ज वाचता येत नाही ह्याचा राग पोराला यायला हवा.

अक्का_होक्का

राग येऊ दे की. रागावू नको म्हणणारं मोठं माणूस तेवढं मधे आणू नका.

धागापाल

सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, साडेतीनशे प्रतिसादांचा. पुढची चर्चा तिकडं. इथं घंटा शोधू द्या.

चावडी

तलाठीकाका शेवटून गेले ते बरंच झालं. आता बाकीच्या खर्ड्यात महाराष्ट्र कुठं कुठं चुकून शिरलाय ते चाळा. सीमाभागावर लिहिताना इथल्या लेखकाच्या हातनंसुद्धा हे होतं, कारण वाचलेली पुस्तकं सगळी तिकडची.

ग्रामपंचायतीत सरपंच नसतो, अध्यक्ष असतो. ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. वीज गेली तर फोन महावितरणला नाही, हेस्कॉमला. जमिनीच्या कागदाला सातबारा म्हणू नका, 'उतारा' किंवा 'पहाणी' म्हणा. गाडीचा नंबर बेळगावचा केए २२, चिकोडी-निपाणीकडचा केए २३. कोल्हापूरचा माणूस आला तर एमएच ०९, आणि हा फरक रहस्यकथेत फुकटचा दुवा आहे, वापरा.

सगळ्यात मोठी चूक सुट्टीची. इथं मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला जेमतेम काही दिवस. शाळा मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते, महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर. म्हणजे पुण्याचा मामेभाऊ दिवाळीच्या सुट्टीत आला तर इथल्या पोरांची शाळा चालू! त्यातनं गंमतही करता येते, तो दिवसभर एकटाच गावात हिंडतो आणि नको ते बघतो. पण न कळता लिहिलं तर चूकच. शाळेत दुपारच्या जेवणाला अक्षरदासोह म्हणतात, आणि २०१३ पासून क्षीरभाग्यचं दूधही आहे. घंटा नाही म्हटल्यावर दुधाची वेळ कशी कळवणार, तो प्रसंग फुकट मिळाला तुम्हाला.

खिळे-जुळारी

छपाईचा हिशोब देतो, म्हणजे ३२,००० चा आग्रह का ते कळेल.

डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. ह्या वयासाठी अक्षर १४ पॉइंट, ओळींमध्ये सैल अंतर. पानावर सुमारे २३० शब्द बसतात. ३२,००० शब्दांची १३९ पानं. २४ प्रकरणांच्या सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा धरून १९. प्रत्येक प्रकरणाला अर्ध्या पानाचं चित्र म्हणजे १२. शीर्षक, अर्पण वगैरे सुरुवातीची पानं ६. एकूण १७६, म्हणजे १६ पानी फॉर्म (एका तावावर छापून दुमडलेली १६ पानं) बरोबर ११. एक पान वाढलं तर बारावा फॉर्म सुरू होतो आणि त्यातली पंधरा पानं कोरी किंवा जाहिरातीला. तुमचा आत्ताचा खर्डा ह्याच मापानं १५ फॉर्म होतो. ५०० प्रतींना ११ फॉर्म म्हणजे डेमीचे ५,५०० ताव, ११ रीम, वर खराबीला अर्धा-एक रीम. कागद ७० जीएसएम मॅपलिथो. पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर घ्या, डोळ्याला बरा.

बांधणी शिलाईची घ्या. नुसत्या गोंदाची परफेक्ट बाइंडिंग मुलं पुस्तक उताणं दाबून वाचतात तेव्हा मधेच फाटते आणि पानं सुटी होतात, शाळेच्या कपाटात तर सहा महिन्यांत. आतला समास निदान २० मिलिमीटर.

आता खरी डोकेदुखी. तुम्ही युनिकोडमध्ये टंकलंय, आणि जुळणीवाला जुन्या फॉन्टात बदलून घेणार. त्या बदलात 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'ॲ' तुटतो. बोलीतल्या मजकुरात हे लवकर दिसत नाही, कारण शोधकाला वाटतं तीच बोली असेल. म्हणून बदल झाल्यावर पहिलं काम: 'र्य' शोधायला लावा आणि एकेक तपासा. 'सूर्य' बरोबर, 'दुसर्या' चूक. सगळं एकदम बदललं तर सूर्याचा 'सूऱ्य' होतो. जमलं तर थेट युनिकोडमध्येच जुळवणारा माणूस गाठा.

चित्रकाराला नुसती गोष्ट पाठवून भागत नाही. पात्रांचं एक पान द्या: वय, उंचीचा फरक, केस, दप्तर, कोण चपलेत आणि कोण अनवाणी. बस कर्नाटकची, पाटी कन्नडात. न सांगता सोडलं तर लाल एसटी आणि तिच्यावर मराठी पाटी येते. कन्नड अक्षरं चित्रकाराला हातानं काढू देऊ नका, छापून द्या आणि गिरवायला सांगा. तुमची गोष्टच आता एका शेपटीवर उभी आहे! रेघांची काळी-पांढरी चित्रं निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा, ३०० ला रेघेच्या कडा दातेरी येतात.

मुद्रांक

करारातलं तेवढं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशकानं एका वर्षात वापर केला नाही तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून 'सर्व हक्क, कायमचे' असं छापील वाक्य असेल तर तिथं थांबा. अनुवादाचे हक्क वेगळे ठेवा. ह्या पुस्तकाचा कन्नड अनुवाद ही सगळ्यात शक्यतेची गोष्ट आहे.

मानधन टक्क्यात असेल तर कशावरचे टक्के ते लिहून घ्या. किंमत १८० रुपये, ५०० प्रती, छापील किमतीवर १० टक्के म्हणजे ९,००० रुपये. ४० टक्के सवलत वजा करून उरलेल्यावर १० टक्के म्हणजे ५,४००. वाक्यात फरक एका शब्दाचा. चित्रकाराशीही लेखी करार करा, दुसऱ्या आवृत्तीत चित्रं वापरता येतील का हे त्यात हवं. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडनं मिळतो, फी नाही.

निपाणीकर

विक्रीचं एक. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी इथल्या ग्रामीण साहित्य संमेलनांचा हंगाम हिवाळ्यात असतो, तिथं शाळेची पोरं रांगेनं येतात. पुस्तक त्याच्या आधी हातात हवं असेल तर चित्रं पावसाळ्यातच संपली पाहिजेत. आणि टेबलावर किंमत सुट्ट्या पैशाची भानगड होणार नाही अशी ठेवा.

रताळीवाला

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंत असं ठरवलंय: ३२,००० शब्द, २४ प्रकरणं. निवेदन प्रमाण, संवादात दोन खुणा. बाटलीची चूक मंग्याची. चिठ्ठी कन्नड अक्षरात. काळ दसऱ्याच्या सुट्टीच्या आसपासचा. अर्ज घेऊन आई शेजारी जाते तो प्रसंग सहाव्या प्रकरणात, मंग्याच्या रागासकट.

एक अडलंय. माडीवर घंटा सापडते तेव्हा ती वाजवायची मोठी हौस आहे, पण घर चोराचं आहे आणि चोर खाली जेवतोय. वाजवली तर पकडले जातील, नाही वाजवली तर प्रसंग मवाळ होतो.

पाटी-पेन्सिल

घंटेच्या आतला टोला, म्हणजे लोळी, आधी काढून घेऊ द्या त्यांना. तुळसा ती परकराच्या ओच्यात बांधते, घंटा मुकी होते, तिघं मिळून खाली उतरवायला लागतात. जिन्यात लोळी ओच्यातनं निसटून पायरीवर पडते. घंटेला लागत नाही, पण खाली चोराचा घास थांबतो. प्रकरण तिथंच तोडा.

खिळे-जुळारी

आणि ते उजव्या हाताच्या पानावर संपेल असं बघतो मी.